एन्येचा पत्ता

स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या कीबोर्डावर 'एल'च्या उजव्या अंगाला, इंग्रजी कीबोर्डावर जिथे अर्धविराम असतो तिथे, एक जास्तीचं अक्षर असतं. 'एन' काढायचा आणि त्याच्या डोक्यावर छोटीशी नागमोडी रेघ द्यायची. या अक्षराचं नाव एन्ये. उच्चार आपल्या 'न्य'च्या जवळचा. उजव्या हाताची करंगळी जिथे आपोआप टेकते तीच त्याची जागा, म्हणजे टंकलेखकाच्या हाताशी, सगळ्यात सोयीच्या ओळीत. पण हेच अक्षर वेबसाइटच्या पत्त्यात लिहायची मुभा स्पेनच्या डॉट ईएस या नावांत मिळायला 2007 साल उजाडलं. डॉट ईएस सुरू झालं होतं 1988मध्ये. देशाचं नाव एस्पान्या, त्यातच एन्ये आहे. सुमारे दोन दशकं त्या देशाला स्वतःचं नाव स्वतःच्या पत्त्यात शुद्ध लिहिता येत नव्हतं.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले आणि पुढे बरीच वर्षं डोमेन नावं विकणाऱ्या एका कंपनीच्या मदतकक्षावर स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घेतले. दुपारपासून स्पेन, रात्री चिली आणि मेक्सिको. मुन्योस, पेन्या, नून्येस, इबान्येस अशी आडनावं सांगताना माणसं थांबायची आणि बजावायची: एन्ये बरं का, एन नाही. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा. माझं नाव मला माझ्या पत्त्यात नीट का लिहिता येत नाही? मदतकक्षाच्या छापील उत्तरांत याला दोन ओळी होत्या. खरं उत्तर द्यायचं तर पार मठांत बसून ग्रंथ उतरवणाऱ्या साधूंपर्यंत मागे जावं लागतं.

त्या काळी लिहायचं ते चर्मपत्रावर, म्हणजे कमावलेल्या कातड्यावर, आणि एका जाड ग्रंथाला मेंढ्यांचा कळपच्या कळप खर्ची पडे. जागा वाचवायला नक्कलनवीसांनी असंख्य खुणा काढल्या. त्यातली एक अशी, की शब्दातला 'एन' किंवा 'एम' गाळायचा आणि आधीच्या अक्षरावर आडवी रेघ द्यायची. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपला अनुस्वार हेच काम करतो: अनुनासिक व्यंजन पूर्ण न लिहिता त्याची खूण डोक्यावर ठेवायची. लॅटिनमधल्या 'वर्ष' या अर्थाच्या शब्दात दोन 'एन' लागोपाठ येत. त्यातला एक गेला, दुसऱ्याच्या डोक्यावर रेघ आली. सुरुवातीला ही निव्वळ काटकसर होती. उच्चाराशी तिचा काही संबंध नव्हता.

उत्तर स्पेनमध्ये ला रिओखा नावाचा प्रांत आहे. आज तो वाइनसाठी प्रसिद्ध आहे, पण भाषेचे अभ्यासक तिथे जातात ते सान मियान दे ला कोगोया इथल्या मठांसाठी. तिथल्या एका लॅटिन हस्तलिखिताच्या समासात आणि ओळींच्या मधे कुणा साधूने अवघड शब्दांचे अर्थ बोलभाषेत टिपून ठेवले, काही बास्क भाषेतही. हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचा हा मजकूर. लॅटिनपासून सुटलेली बोली कागदावर उतरू लागल्याचा हा फार जुना पुरावा मानतात. हस्तलिखित आता माद्रिदला इतिहास अकादमीत आहे, मठ जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्या समासात लिहिणाऱ्याची अडचण मला नेहमी डोळ्यांपुढे येते. त्याच्या तोंडी असलेल्या बोलीत एक नवा ध्वनी आला होता, आणि लॅटिनच्या अक्षरमालेत त्याला अक्षरच नव्हतं.

हा ध्वनी निरनिराळ्या वाटांनी आला होता. कुठे दोन 'एन'मधून, कुठे 'जी' आणि 'एन'च्या जोडीतून, कुठे 'एन'नंतरच्या 'इ'मधून, जसा इस्पानियाचा एस्पान्या झाला. त्यामुळे लिहिणारा ज्या मठातला, तशी त्याची तऱ्हा. तेराव्या शतकात कास्तीयचा राजा दहावा आल्फोन्सो, ज्याला लोक 'शहाणा' म्हणत, त्याच्या दरबारात कायदे, इतिहास, ज्योतिषाचे ग्रंथ लॅटिनऐवजी कास्तीयच्या भाषेत, म्हणजे आजच्या स्पॅनिशमध्ये, लिहिले जाऊ लागले आणि लेखनाला एक वळण लागलं. दोन 'एन'ची रीत आणि तिचं रेघवालं आखूड रूप वरचढ ठरलं. शेजाऱ्यांनी याच ध्वनीसाठी वेगळ्या वाटा धरल्या. फ्रेंच आणि इटालियन लोकांनी 'जी-एन' ठेवलं, कातालान लोकांनी 'एन-वाय', पोर्तुगीजांनी 'एन-एच'. पोर्तुगीजांची ही तऱ्हा गोव्यात आजही दारांवरच्या पाट्यांवर दिसते. नोरोन्हा हे आडनाव आपण अक्षरं वाचून 'न्हा' असं उच्चारतो, पण त्या 'एन-एच'मध्ये मुळात हाच 'न्या' आहे.

1492मध्ये सालामांकात अंतोनियो दे नेब्रिखाचं कास्तीयच्या भाषेचं व्याकरण छापलं गेलं, त्यात एन्ये स्वतंत्र गणलं होतं. 1713मध्ये स्पॅनिश राजअकादमी स्थापन झाली आणि तिच्या शब्दकोशाच्या 1803च्या आवृत्तीत या अक्षराला स्वतःचं घर मिळालं. इथे एक भेद सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. स्पॅनिशमध्ये स्वरांवर तिरकी रेघ येते, ती आघात कुठे आहे ते दाखवते. अशी रेघ आलेला 'ए' हा स्पॅनिश माणसाच्या लेखी 'ए'च. कोशात त्याला वेगळी जागा नाही. जाहिरातीच्या पाटीवर ती रेघ राहून गेली तर लोक चूक म्हणतील, पण वाचतील. एन्येचं तसं नाही. ते निराळं अक्षर आहे. त्याच्या डोक्यावरची रेघ पुसली की दुसराच शब्द उभा राहतो, आणि तो कधी फार अवघडून टाकणारा असतो. 'वर्ष'मधली रेघ काढली तर गुदद्वार हा अर्थ होतो. नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवणाऱ्या दुकानदाराला ही रेघ किती मोलाची वाटत असेल ते सांगायला नको.

यंत्रं आली तेव्हा एन्येवर लगेच संकट आलं असं नाही, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तारेच्या मोर्स लिपीत स्पॅनिश तारबाबूंसाठी एन्येचा स्वतःचा संकेत होता: दोन लांब, एक आखूड, दोन लांब. स्पॅनिश टाइपरायटरवर एन्येची कळ होती. स्वरांवरच्या तिरक्या रेघेसाठी न सरकणारी कळ होती: ती दाबली की रेघ उमटायची पण गाडा जागचा हलायचा नाही, मग स्वराची कळ दाबली की तो त्याच रेघेखाली बसायचा. मराठी टंकलेखन परीक्षेला बसलेल्यांची बोटं ही युक्ती ओळखतात, आपल्या वरच्या मात्रा तशाच उमटत. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी यंत्रांनी ज्या भाषेत काम करायचं तिच्याशी जुळवून घेतलं होतं. भाषेनेच यंत्राशी जुळवून घ्यावं ही अपेक्षा नंतरची आहे.

ती आली आस्कीबरोबर. 1963मध्ये अमेरिकेत ठरलेल्या या संकेतात सात बिटं होती, म्हणजे 128 जागा. त्यातल्या 33 यंत्राच्या आज्ञांसाठी गेल्या, दिसणाऱ्या खुणांना 95 उरल्या, आणि त्यांत इंग्रजीची गरज भागली. पुढे 1967च्या सुधारणेत एक सुटी नागमोडी रेघ त्यात आली. मागे सरकून आधीच्या अक्षरावर ती उमटवता यावी, म्हणजे 'एन'चं एन्ये करता यावं, अशी कल्पना होती. पण छापणाऱ्या यंत्रांची जागा पडद्याने घेतली आणि पडद्यावर एकावर एक अक्षर बसेना, नवं आलं की जुनं पुसलं जाई. मग त्या सुट्या रेघेचा उपयोग दुसऱ्यांनीच केला. युनिक्स यंत्रणेत ती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरची खूण झाली, आणि नव्वदच्या दशकात विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या वेबपानांच्या पत्त्यांत ती सर्रास दिसू लागली. स्पॅनिश विंडोज कीबोर्डावर ही सुटी रेघ काढायला आजही उजवं ऑल्ट आणि 4 दाबावं लागतं. एन्ये करंगळीखाली असलेल्या माणसाला पत्त्यातली सुटी रेघ शोधत बसावं लागे, आणि एन्ये मात्र पत्त्यात चालत नसे.

मधल्या काळात तडजोडी झाल्या. सात बिटांच्या स्पॅनिश आवृत्तीत इंग्रजीच्या काही खुणा हुसकावून तिथे एन्ये बसवलं होतं. त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्याला उलट्या तिरक्या रेघेच्या जागी मोठं एन्ये दिसे आणि उभ्या रेघेच्या जागी लहान. मग आयबीएमच्या पीसीवर आठ बिटं आली आणि एन्येला 164 हा क्रमांक मिळाला. ऑल्ट दाबून धरून 164 टाइप करायचं, मोठं हवं तर 165. स्पॅनिश लिहिणारे जगात जिथे जिथे परक्या कीबोर्डापुढे बसले तिथे हे आकडे त्यांना पाठ असत. आमच्या मदतकक्षात कीबोर्ड इंग्रजी होते, आणि प्रत्येक पडद्याच्या कडेला हे आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असे: 164, 165, 160, 130, 161, 162, 163. एन्येची जोडी, मग पाच स्वर.

यानंतर एन्येसाठी खरी लढाई झाली ती कायद्याच्या दारात. स्पेनमध्ये 1980च्या दशकातले नियम असे होते, की एन्ये नसलेला कीबोर्ड देशात विकता येणार नाही. 1991मध्ये युरोपीय समुदायाकडून आक्षेप आला: हा मुक्त व्यापारातला अडथळा आहे, एकच कीबोर्ड सगळीकडे विकू पाहणाऱ्या उत्पादकांवर अन्याय आहे. या एका वाक्याने स्पॅनिश जग खवळून उठलं. राजअकादमीने विरोध केला. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस बोलले. पुढे अर्जेंटिनाच्या मारिया एलेना वॉल्श यांनीही एन्येच्या बाजूने लेख लिहिला. लहान मुलांसाठी गाणी लिहिणारी ही बाई, आणि तिथल्या पिढ्या त्या गाण्यांवर वाढलेल्या. 16 एप्रिल 1993 रोजी स्पेनच्या सरकारने 564 क्रमांकाचा राजादेश काढला. युरोपीय देशांच्या मास्त्रिख्तच्या तहात संस्कृतीच्या रक्षणासाठी जी सवलत ठेवली होती तिचा आधार घेऊन त्यात म्हटलं, की लेखनाच्या यंत्रांवर एन्ये आणि स्पॅनिशची इतर खास चिन्हं असलीच पाहिजेत. कीबोर्डावरची जागा अशी कायद्याने पक्की झाली. या भांडणात मला स्पेनचं म्हणणं पूर्ण पटतं. कळ एकच असते, पण ती काढून टाकली की पुढच्या पिढीचं लेखन त्या अक्षराशिवाय सुरू होतं, आणि मग लोकच ते वापरत नाहीत असं म्हणायला व्यापारी मोकळे.

कीबोर्डावर जागा राखली, पण पत्त्याचा दरवाजा बंदच होता. इंटरनेटवरच्या यंत्रांच्या नावांचा नियम 1985मध्ये आरएफसी 952 या दस्तात लिहिला गेला: अक्षरं इंग्रजी 'ए' ते 'झेड', आकडे, आणि मधे जोडरेघ. डोमेन नावांची यंत्रणा पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983मध्ये मांडली. खरं सांगायचं तर तिच्या पोटात आठ बिटांचं कुठलंही अक्षर मावलं असतं. पण तोवर जगभरच्या मेल सर्व्हरांना आणि आज्ञावल्यांना तो जुना मर्यादित संच अंगवळणी पडला होता. एक अनोळखी अक्षर आलं तर कुठे काय कोसळेल याची खात्री कुणालाच नव्हती. म्हणून नियम तसाच राहिला, आणि इंग्रजीच्या दोन हातांना जेवढं सोयीचं तेवढंच 'साधं अक्षर' ठरलं.

या काळात लोकांनी काय केलं ते मला फार विलक्षण वाटतं. एन्ये मिळत नाही म्हणून कुणी 'एन-वाय' लिहिलं, कुणी 'एन-आय', कुणी दोनदा 'एन', कुणी 'जी-एन'. बहुतेकांनी नुसता 'एन'. म्हणजे आल्फोन्सोच्या दरबाराआधी मठांमठांत जी बजबजपुरी होती, तीच सातशे वर्षांनी ईमेलमध्ये आणि डोमेन नावांत परत आली, जवळजवळ त्याच जोड्यांसह.

मार्ग निघाला तो पूर्वेकडून. 1998च्या सुमारास सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात तान तिन वी आणि त्यांचे सहकारी चिनी, तमिळ अशा लिप्यांतल्या डोमेन नावांवर काम करत होते. गरज त्यांची जास्त निकडीची होती. स्पॅनिश माणूस रेघ सोडून कसंबसं भागवत होता, चिनी माणसाला सोडायला काही शिल्लकच राहत नव्हतं. 2000च्या अखेरीस डॉट कॉममध्ये अशा नावांची चाचणी म्हणून नोंदणी सुरू झाली, आणि 2003च्या मार्चमध्ये पक्के नियम आले. युक्ती अशी, की जुन्या यंत्रणेला हातच लावायचा नाही. पत्ता माणसाला एन्येसकट दिसेल, पण तारेवरून जाताना तो जुन्या इंग्रजी अक्षरांच्या वेषात जाईल. या वेषाला प्युनिकोड म्हणतात, तो बर्कलीच्या ॲडम कॉस्टेलो यांनी रचला. वेषांतर केलेलं नाव ओळखू यावं म्हणून पुढे 'एक्स-एन' आणि लागोपाठ दोन जोडरेघा. ही 'एक्स-एन' अक्षरंही कुणी आवडीने निवडलेली नाहीत. आधी कुणी ती अडवून ठेवू नयेत म्हणून फेब्रुवारी 2003मध्ये जाहीर पद्धतीची सोडत काढून ठरवली.

एस्पान्या या नावाचं काय होतं ते एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे. आधी एन्ये बाजूला काढायचं. उरली पाच अक्षरं: ई, एस, पी, ए, ए. ती तशीच लिहायची आणि पुढे जोडरेघ. आता बाजूला काढलेलं अक्षर कोणतं आणि कुठे बसवायचं हे एकाच संख्येत सांगायचं. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये लहान एन्येचा क्रमांक 241. आस्कीच्या 128 जागा वजा केल्या की 113 उरतात. पाच अक्षरांच्या आगेमागे मिळून बसायच्या सहा जागा आहेत, म्हणून 113 गुणिले 6, झाले 678. शून्यापासून मोजलं तर एन्येची जागा चौथी, म्हणून 682. ही संख्या सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे अशा छत्तीस चिन्हांच्या, प्युनिकोडच्या स्वतःच्या पद्धतीत लिहिली की 'आर-टी-ए' मिळतं. झालं नाव तयार: एक्स-एन, दोन रेघा, ई-एस-पी-ए-ए, रेघ, आर-टी-ए. ज्याला गणित आवडतं त्याला यातली काटकसर फार सुंदर वाटेल. मठातल्या नक्कलनवीसाने एक अक्षर वाचवायला रेघ दिली होती. आता त्या रेघेसाठी सात चिन्हं जास्तीची लागतात आणि मूळ अक्षर शेपटीला जाऊन बसतं.

हे सगळं पडद्याआड राहिलं असतं तर तक्रार नव्हती. पण ते वारंवार बाहेर यायचं. लोग्रोन्यो हे ला रिओखाचं मुख्य शहर, सान मियानच्या त्या मठांपासून फार दूर नाही. सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट त्या गावातून जाते. तिथे एक वयस्क बाई यात्रेकरूंसाठी छोटं अतिथिगृह चालवायच्या. त्यांनी एन्ये असलेलं नाव आमच्याकडून घेतलं, कार्डं छापली, दारावर रंगवून घेतलं. मग एका संध्याकाळी फोन. "ईखा," म्हणजे अगं मुली, "माझ्या पाहुण्याच्या पडद्यावर माझ्या घराचं नाव म्हणून काहीतरी भलतंच दिसतंय. त्याला वाटलं कुणीतरी फसवतंय. त्याने खोली दुसरीकडे घेतली." मी त्यांना प्युनिकोड समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग फोनवर पत्ता सांगताना मी काय सांगू? नुसत्या लोग्रोन्यो या नावाचं रूप घ्या: एल-ओ-जी-आर-ओ-ओ, रेघ, शून्य, डब्ल्यू, ए. दोन 'ओ'च्या पाठोपाठ रेघ आणि शून्य. हे कुणाला फोनवरून सांगायचं आणि त्याने कसं लिहून घ्यायचं?

त्याच बाईंना आमच्या अर्जाने दुसरा धक्का दिला. ज्या पानावर त्यांना ते नाव विकलं, त्याच पानावर संपर्काचा ईमेल म्हणून त्या नावावरचा पत्ता टाकला की लाल अक्षरांत उमटायचं: पत्ता अवैध. नाव विकत घेताना वैध होतं, पैसे भरताना वैध होतं, वापरताना अवैध. मी वरिष्ठांना लिहिलं, पुन्हा लिहिलं. अशा ग्राहकांची संख्या कमी आहे, असं उत्तर आलं. संख्या कमी का राहते याचं कारण त्या लाल ओळीतच होतं.

देशोदेशीच्या नोंदणी संस्था यात एकेक करून आल्या. चिलीने 2005मध्ये डॉट सीएलमध्ये एन्ये आणि रेघवाले स्वर घेतले. कातालान भाषेसाठीचं डॉट कॅट 2006मध्ये सुरू झालं ते अशा अक्षरांसकटच. स्पेनने 2007मध्ये डॉट ईएस खुलं केलं आणि एकट्या कास्तीयच्या भाषेपुरतं पाहिलं नाही: कातालानचा शेपटीवाला 'सी' आणि दोन 'एल'मधला मधोमध बसणारा ठिपकाही घेतला. चिलीने दार उघडलं तेव्हा बहुतेकांच्या संगणकावर इंटरनेट एक्स्प्लोरर 6 होता आणि त्याला अशी नावं आपणहून कळतच नव्हती. ती समज 2006च्या सातव्या आवृत्तीत आली, आणि जुनी आवृत्ती कचेऱ्यांतून जायला आणखी काही वर्षं लागली. सुरुवातीला हौसेने नाव घेतलेल्या दुकानदारांनी त्याच वर्षांत हात पोळून घेतले, आणि मग शेजाऱ्यालाही सांगितलं, घेऊ नकोस.

त्यातच फसवणुकीची भीती. 2005च्या सुरुवातीला काही संशोधकांनी दाखवून दिलं, की रशियन लिपीतला 'ए' वापरून एका नामांकित पैसे भरण्याच्या सेवेचा हुबेहूब दिसणारा पत्ता घेता येतो. ब्राउझर बनवणाऱ्यांनी धसका घेतला आणि संशयास्पद नावं वेषांतरित रूपातच दाखवायचे नियम केले. दोन लिप्यांच्या मिसळीपुरतं ते योग्यच होतं, पण सुरुवातीच्या घाईत लिपी एकच असलेली निरपराध नावंही त्यात सापडली.

नोंदणीचा एक प्रश्न मात्र मला अजून नीट सुटलेला वाटत नाही. संगणकाच्या लेखी रेघवाला स्वर आणि बिनरेघेचा स्वर ही दोन निराळी अक्षरं. त्यामुळे एकच दुकान, एकच नाव, पण रेघेचं डोमेन एकाकडे आणि बिनरेघेचं दुसऱ्याकडे असं होऊ शकतं. ब्राझीलने पोर्तुगीज नावांसाठी शहाणपणाचा नियम केला: ही सगळी रूपं समान धरायची आणि ज्याच्याकडे एक आहे त्यालाच बाकीची घेता येतील. स्पॅनिश स्वरांना हा नियम चपखल बसेल, कारण स्पॅनिश माणसाला ते एकच अक्षर वाटतं. पण एन्येला तो लावू नये असं माझं ठाम मत आहे. पेन्या आणि पेना ही दोन वेगळी नावं आहेत, एकात खडक आहे आणि दुसऱ्यात दुःख, आणि त्यांचे मालक वेगळे असायला काहीच हरकत नाही. स्वर आणि एन्ये यांना एका मापाने मोजणं ही चूक इंग्रजी नजरेची आहे, जिला दोन्ही नुसती डोक्यावर काहीतरी असलेली अक्षरं दिसतात.

आज एन्ये चिन्ह म्हणून जोरात आहे. स्पॅनिश भाषेच्या प्रसाराचं काम करणाऱ्या सेर्वान्तेस संस्थेने तेच बोधचिन्ह केलं, अर्जेंटिनाच्या 'क्लारिन' दैनिकाने 2003मध्ये काढलेल्या सांस्कृतिक साप्ताहिकाचं नावच एन्ये आहे, आणि सीएनएनच्या स्पॅनिश वाहिनीने 2010मध्ये बोधचिन्हातल्या 'एन'वर रेघ चढवली. पण पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत मुन्योसचा मुनोसच होतो, विमानाच्या तिकिटावरही. पराग्वेमध्ये स्पॅनिशबरोबर ग्वारानी राजभाषा आहे आणि तिच्यात 'जी'वरही अशीच नागमोडी रेघ येते. त्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा एक क्रमांकसुद्धा नाही, अक्षर आणि रेघ वेगवेगळी जोडून ते लिहावं लागतं. एन्येला जे मिळालं ते अशा कित्येक अक्षरांना अजून मिळालेलं नाही.

महाराष्ट्रात ही हरवलेली रेघ दर उन्हाळ्यात छापून येते. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला बाळ येशूचं नाव दिलं, एल निन्यो. इंग्रजी बातम्यांत रेघ गळाली आणि पावसाच्या अंदाजाबरोबर आपल्याकडे आला तो 'एल निनो'. देवनागरीत 'न्यो' लिहायला काहीच अडचण नव्हती. आपण इंग्रजीचा सांगाडा उतरवून घेतला, आवाज घेतला नाही.

आणि आपल्या अक्षरांचंही तेच दार आहे. ऑगस्ट 2014मध्ये डॉट भारत देवनागरीत सुरू झालं, मराठी आणि कोंकणीसह आठ भाषांसाठी. तारेवरून जाताना ती नावंही 'एक्स-एन' आणि दोन रेघांच्या मागेच जातात, फक्त त्यांत मागे ठेवायला एकही इंग्रजी अक्षर नसतं, सगळंच शेपटीत जातं. 2003च्या नियमांनी अक्षरं जोडणारी आणि तोडणारी अदृश्य चिन्हं सरसकट गाळली होती, आणि 'दऱ्या', 'सुऱ्या'मधला अर्धा 'र' बरेच जण तशाच चिन्हाने लिहीत. 2010च्या सुधारित नियमांत ती चिन्हं ठरावीक ठिकाणी चालू लागली. ते नियम करायला बसलेल्या माणसांपुढे एन्येचा अनुभव होताच.

ईमेलचं काम अजून अर्धवट आहे. 2012मध्ये आरएफसी 6531 आला आणि 'ॲट'च्या डावीकडेही, म्हणजे माणसाच्या नावातही, एन्ये लिहिण्याची सोय झाली. पण ती चालायची तर पाठवणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि वाटेतला प्रत्येक मेल सर्व्हर तयार हवा. एकाने जरी ही सोय येत नाही असं कळवलं तर पत्र परत येतं. म्हणून अजूनही मला कुणी विचारलं तर मी दोन्ही डोमेन घ्यायला सांगते, एन्येचं आणि बिनरेघेचं. बिनरेघेचं नाव एन्येच्या पानावर वळवून द्यायचं, ईमेल तूर्त बिनरेघेच्या नावावर ठेवायचा, आणि कार्डावर, दारावर, बिलावर एन्येच छापायचं. लोग्रोन्योच्या बाईंनी तसंच केलं. ज्या कंपनीच्या अर्जात एन्ये नाकारलं जाईल तिला दर वेळी तक्रार लिहायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि त्या तक्रारी त्या सहीसकट, आडनावातल्या एन्येसकट पाठवत.